कायद्याच्या बातम्यांचं ॲप सव्वा वर्ष वापरलं: हेडलाईन एक, निकाल भलताच

२०२४ च्या सप्टेंबरपासून हे ॲप वापरतेय, रोज सकाळी अर्धा तास तरी जातोच त्यात. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण खाली ज्या चुका सांगणार आहे त्या ह्या एकाच ॲपच्या आहेत असं मला वाटत नाही, तुम्ही जे कुठलं ॲप नाहीतर ईमेलवर येणारं बातमीपत्र वापरत असाल त्यालाही हेच निकष लावून बघा.

मी वकील नाही. एका छोट्या संस्थेत करार, नोटिसा, ग्राहकांच्या तक्रारी असली कागदपत्रं बघते. त्यामुळे कुठल्या कोर्टानं काय ठरवलं हे माहीत असणं माझ्यासाठी नुसतं ज्ञान म्हणून नाही, त्यावरून उद्या कुठल्या पत्रात काय लिहायचं ते ठरतं. ॲपमध्ये रोज आठ-दहा बातम्या येतात, जगभरातल्या कोर्टांच्या, विषय आपण निवडायचे, ग्राहक, कामगार, डेटा, पर्यावरण, पेटंट, दिवाळखोरी, स्पर्धा कायदा वगैरे. प्रत्येक बातमीखाली चार-पाच ओळींचा सारांश आणि बऱ्याचदा मूळ निकालाची लिंक. बऱ्याचदा म्हणतेय, नेहमी नाही, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार तिथेच आहे.

आधी चॅटबॉटची गोष्ट सांगते, कारण त्यात माझ्या मैत्रिणीचं नुकसान झालं आणि ॲप तिला मीच सुचवलं होतं. तिनं एका कंपनीकडून प्रवासाचं बुकिंग केलं, रद्द करायच्या आधी वेबसाईटवरच्या चॅटला विचारलं, त्यानं सांगितलं पूर्ण पैसे परत मिळतील, आणि नंतर कंपनीनं हात वर केले. ॲपच्या 'गाजलेले निकाल' विभागात तिला हेडलाईन दिसली, साधारण अशी की चॅटबॉट जे बोलेल ते कंपनीला बंधनकारक, कोर्टाचा निकाल. तिनं लगेच तो निकाल लावून कडक पत्र पाठवलं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, हा निर्णय आम्हाला लागू नाही. आणि ते उत्तर चूक नव्हतं हो, तेच तर वाईट वाटलं.

तो निर्णय एअर कॅनडाबद्दलचा, फेब्रुवारी २०२४ चा. देणारं कोर्ट नव्हतंच, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं सिव्हिल रिझोल्यूशन ट्रिब्युनल, छोट्या रकमेचे दावे ऑनलाईन ऐकणारं न्यायाधिकरण. त्याचे निर्णय त्याच प्रांतातल्या कोर्टांवरसुद्धा बंधनकारक नसतात, दुसऱ्या देशाची तर गोष्टच सोडा. प्रवाशाची आजी वारली होती, चॅटबॉटनं सांगितलं की तिकीट आत्ता काढा आणि ९० दिवसांत अर्ज केला तर शोकप्रसंगाची सवलत नंतर मिळेल, आणि कंपनीच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं की प्रवास झाल्यावर अशी सवलत मिळत नाही. न्यायाधिकरण म्हणालं की माहिती साध्या पानावर असो की चॅटबॉटनं दिलेली, वेबसाईट तुमची तर जबाबदारी तुमची. ६५० डॉलर ८८ सेंट भरपाई, व्याज आणि फी धरून ८१२ डॉलर २ सेंट, कॅनडाचे डॉलर. आधार होता निष्काळजीपणानं दिलेली चुकीची माहिती, म्हणजे 'चॅटबॉटचं बोलणं हाच करार' असं कुणी म्हटलेलंच नाही.

आता ऐका, ह्यात मैत्रिणीच्या कामाची गोष्ट कुठली होती. त्या प्रवाशानं चॅटचा स्क्रीनशॉट ठेवला होता. चॅटबॉट नेमकं काय म्हणाला हे तो दाखवू शकला म्हणून पुढचं सगळं झालं. हा मूळ निर्णय अगदी छोटा आहे, पंधरा-वीस मिनिटांत वाचून होतो, भाषा सोपी, आणि स्क्रीनशॉटचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे. ॲपच्या सारांशात एक अक्षर नाही. मैत्रिणीनं स्क्रीनशॉट घेतला नव्हता, पण पहिल्या दिवशी कळलं असतं तर चॅटची विंडो उघडीच होती तिची, पत्राच्या उत्तराची वाट बघण्यात तीन आठवडे गेले आणि चॅट पुसलं गेलं. पैसे मिळाले नाहीत तिला. मला अजून टोचतं ते.

तेव्हापासून मी प्रत्येक बातमी वाचताना एक वही घेऊन बसते आणि मूळ निकालाशी ताडून बघते. सगळ्या नाही जमत, आठवड्याला चार-पाच. पुढचं सगळं त्या वहीतलं.

सगळ्यात जास्त घोळ कशात होतो तर प्रकरण कुठल्या पायरीवर आहे हे न सांगण्यात. ब्रिटनमधलं गाड्यांच्या कर्जाचं प्रकरण घ्या. गाडी कर्जावर घेताना शोरूमवाला ज्या फायनान्स कंपनीकडे पाठवतो तिच्याकडून तो कमिशन घेतो, ते ग्राहकाला नीट सांगितलेलं नसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं ग्राहकांच्या बाजूनं इतका दणदणीत निकाल दिला की बँकांनी कोट्यवधी पाउंड बाजूला काढून ठेवले. ॲपनं तेव्हा मोठी बातमी केली, चांगलीच केली, उदाहरणं देऊन. मग १ ऑगस्ट २०२५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्यातला बराचसा भाग उलटवला, म्हणालं शोरूमवाल्यानं स्वतःचा फायदा बाजूला ठेवून फक्त ग्राहकाचंच हित बघावं असं बंधन त्याच्यावर नाही, आणि तीन ग्राहकांपैकी एकाचाच दावा टिकला, तोही ग्राहक कर्ज कायद्यातल्या 'अन्याय्य संबंध' ह्या वेगळ्या मुद्द्यावर, कारण त्याच्या बाबतीत कमिशन हे कर्जापोटी ग्राहकाला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या (व्याज, फी वगैरे) ५५ टक्के होतं. ही दुसरी बातमीसुद्धा ॲपवर आली, वेळेत आली. पण पहिली बातमी होती तशीच पडून राहिली, तिच्यावर कुठेही लिहिलं नाही की बाबा हे पुढे बदललंय. सर्च केलं की पहिली वर यायची कारण ती जास्त लोकांनी वाचलेली. ह्याचा अर्थ कळतोय ना, जो माणूस आज घाईत शोधतोय त्याला उलटलेला निकाल जिवंत म्हणून मिळतोय.

भारताच्या सुप्रीम कोर्टाच्या बाबतीत तर २०२५ मध्ये हे इतक्या वेळा झालं की माझी वहीची दोन पानं त्यातच भरली. दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींनी आदेश दिला, सगळी उचला, निवाऱ्यात ठेवा, परत सोडायची नाहीत. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो बदलला, नसबंदी आणि लसीकरण करून त्याच भागात परत सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडून. अकरा दिवसांत. नोव्हेंबरमध्ये पुन्हा शाळा, हॉस्पिटलं, स्टेशनं अशा ठिकाणांसाठी वेगळे निर्देश आले, की तिथून उचललेली कुत्री परत तिथं सोडायची नाहीत. आता ह्या तिन्ही बातम्या ॲपवर स्वतंत्र आहेत, एकमेकींना जोडलेल्या नाहीत, आणि तिन्ही वाचून एखाद्याला वाटेल कोर्ट एकाच वेळी तीन गोष्टी बोलतंय. तसं नाहीये, क्रम लावला की सगळं समजतं. पर्यावरणाचं तसंच, काम सुरू झाल्यावर मागाहून पर्यावरण मंजुरी देणं बेकायदा असं १६ मे २०२५ ला वनशक्ती प्रकरणात दोन न्यायमूर्ती म्हणाले, आणि १८ नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं तो निकालच मागे घेतला. भूषण पॉवर अँड स्टीलच्या दिवाळखोरीत मे महिन्यात ती कंपनी ताब्यात घ्यायची जेएसडब्ल्यू स्टीलची योजना फेटाळून कंपनी विकून टाकायचा आदेश, जुलैअखेर तो आदेश मागे, सप्टेंबरमध्ये योजना मंजूर. बातमी देणाऱ्यानं निदान तारखांची एक माळ तरी लावून द्यायला नको का? पैसे घेताय त्याचे.

गुगलच्या खटल्यात मात्र ॲपनं मला खरंच मदत केली, ते सांगायलाच पाहिजे. ५ ऑगस्ट २०२४ ला वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश अमित मेहतांनी सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा ठपका ठेवला तेव्हा सगळीकडे एकच ओरड, आता गुगलचे तुकडे होणार. ॲपवरच्या लेखात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की हा दोषाचा टप्पा आहे, उपाय काय करायचा ते नंतर वेगळं ठरणार, आणि दोन्हींवर अपील होऊ शकतं. वर्षभरानं, २ सप्टेंबर २०२५ ला उपायांचा निकाल आला तर क्रोम विकायला लावलं नाही, आपलंच सर्च ठेवा दुसऱ्याचं नको असे करार करायला बंदी घातली, काही डेटा स्पर्धकांना द्यायला सांगितला, पण ॲपलसारख्यांना जागेसाठी पैसे देणं पूर्ण बंद केलं नाही. ज्यांनी पहिला लेख वाचला होता त्यांना धक्का बसला नसणार. आणि जाहिरातींच्या तंत्रज्ञानाबद्दलचा गुगलवरचा दुसरा खटला, व्हर्जिनियातला, एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमांनी दिलेला निकाल, तो ह्याच्यात मिसळला नाही हेही विशेष, कारण बाकीच्या ठिकाणी मी दोन्हींची खिचडी वाचली आहे. हा स्पर्धा कायद्याचा विभाग जो कुणी लिहितो किंवा लिहिते त्या माणसाला माझा मनापासून नमस्कार.

युरोपचा विभाग लिहिणाऱ्यांनी मात्र कोर्टांची नावं आधी पाठ करावीत. स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय वेगळं, ते ४६ देशांच्या युरोप परिषदेचं. लक्झेंबर्गचं न्यायालय वेगळं, ते २७ देशांच्या युरोपीय संघाचं. स्वित्झर्लंड संघात नाहीच, तरी एप्रिल २०२४ मध्ये वयस्कर बायकांच्या संघटनेनं हवामान बदलावरून स्वित्झर्लंडविरुद्ध जो विजय मिळवला तो 'युरोपीय संघाच्या कोर्टाचा' म्हणून ॲपच्या जुन्या लेखात अजूनही आहे. आणि त्याच लेखात हेही नाही की संघटनेचा दावा चालला, पण सोबत ज्या चौघी बायका वैयक्तिक नावानं गेल्या होत्या त्यांचे अर्ज स्वीकारले गेले नाहीत, आणि पोर्तुगालच्या तरुणांचा अर्ज त्याच दिवशी दारातूनच परत गेला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण त्यातून कळतं की अशा विषयात एकट्यानं जायचं की संघटना करून जायचं. लक्झेंबर्गच्या बातम्यांत दुसरा घोळ, तिथं निकालाच्या आधी बऱ्याचदा ॲडव्होकेट जनरल (आपल्याकडच्यासारखे सरकारचे वकील नाहीत, त्या न्यायालयाचेच सल्लागार) आपलं मत देतात, ते मत न्यायाधीशांवर बंधनकारक नसतं, आणि ॲप दोनदा तरी त्याला 'निकाल' म्हणून मोकळं झालं.

तसंच 'सुप्रीम कोर्टानं याचिका फेटाळली' ही ओळ. कारण न देता विशेष अनुमती याचिका, म्हणजे अपील करायची परवानगी मागणारा अर्ज, फेटाळली म्हणजे हायकोर्टाचं म्हणणं बरोबर ठरवलं असं होत नाही, हे भारताच्या सुप्रीम कोर्टानं २००० साली कुन्हायम्मद प्रकरणात समजावून सांगितलंय. अमेरिकेतही सुप्रीम कोर्ट प्रकरण ऐकायला नकार देतं त्याचा अर्थ खालच्या निकालावर शिक्का असा नसतो. आणि तोंडी ताशेरे! सुनावणीत न्यायमूर्ती काय बोलले ते छापायला हरकत नाही, भारताच्या सुप्रीम कोर्टानं मे २०२१ मध्ये निवडणूक आयोगाच्या प्रकरणात माध्यमांना ते छापण्यापासून रोखायला नकारच दिला होता, पण त्याच निकालात हेही सांगितलं की तोंडी बोलणं आदेशाचा भाग नसतं. ॲपवर 'कोर्टानं झापलं' अशी बातमी आली की मी आता खाली आदेशाची लिंक आहे का ते आधी बघते. नसेल तर पुढे वाचतच नाही, नोंद घेते आणि लेखी आदेशाची वाट बघते.

मध्ये त्यांनी आपोआप सारांश करणारं फीचर आणलं, लांबलचक निकाल टाका आणि दहा ओळी घ्या. मला आवडेल असं वाटलं होतं. वनशक्तीचा नोव्हेंबरचा निकाल टाकून बघितला, त्यात न्यायमूर्तींची स्वतंत्र मतं आहेत, आणि न्यायमूर्ती भुयान ह्यांचं निकाल मागे घ्यायला विरोध करणारं मत सारांशात चक्क 'न्यायालय म्हणालं' म्हणून आलं. हे गंभीर आहे. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीकडून घेतलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल लावले आणि न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल ह्यांनी ५००० डॉलर दंड केला, शिवाय ज्या न्यायाधीशांच्या नावावर ते खोटे निकाल होते त्यांना पत्रं पाठवायला लावली. तिथे निदान समोरच्या बाजूच्या वकिलांनी ते निकाल शोधले आणि सापडले नाहीत म्हणून सांगितलं. मी घरी बसून सारांश वाचते तेव्हा समोर कुणी शोधणारं नसतं. फीचर बंद करून ठेवलंय मी.

माणसानं लिहिलेला सारांशसुद्धा निकाल नसतो हे मला इथेच कळलं, तेही एका चांगल्या लेखातून. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाला सुरुवातीला जो सारांश जोडलेला असतो त्यावर स्वतःच छापलेलं असतं की हा कोर्टाच्या मताचा भाग नाही, आणि त्यासाठी १९०६ चा एक निकाल दाखवलेला असतो. कोर्टाचं स्वतःचं कार्यालय इतकी काळजी घेतं.

तो लेख लोपर ब्राइट निकालावरचा होता, २८ जून २०२४ चा, आणि असा लेख महिन्यातून एक जरी आला तरी मी वर्गणी देईन. हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटींवर निरीक्षक बसवायचे आणि त्यांचा पगार बोटवाल्यांनी द्यायचा असा नियम होता, त्यावरून भांडण सुरू झालं आणि शेवटी १९८४ पासून चालत आलेलं शेवरॉनचं तत्त्वच गेलं, म्हणजे कायदा संदिग्ध असेल तर सरकारी खात्यानं लावलेला वाजवी अर्थ कोर्टानं मान्य करायचा हे तत्त्व. लेखात मासेमारीपासून सुरुवात, मग चाळीस वर्षं कशी चालली, मग बहुमत काय म्हणतं, विरोधी मत काय म्हणतं, आणि शेवटी दोन ओळी ज्या दुसरीकडे कुठे वाचल्या नव्हत्या, एक म्हणजे शेवरॉनच्या आधारे आधी लागलेले निकाल आपोआप रद्द होत नाहीत असं कोर्टानं स्पष्ट म्हटलंय, आणि दुसरं म्हणजे निरीक्षकाचा पगार कुणी द्यायचा हे ह्या निकालात ठरलंच नाही, प्रकरण परत खाली पाठवलं. बघा, बोटवाल्याला ह्यातली दुसरी ओळ सगळ्यात आधी हवी असणार.

जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हवामानावर मत दिलं तेव्हाही वरच ठळक पट्टी होती, 'सल्लागार मत, बंधनकारक निकाल नाही', आणि तरी त्याचं वजन का आहे हे नीट सांगितलं. म्हणजे त्यांना येतं. मनात आणलं तर येतं, म्हणून तर राग येतो.

बाकीचं पटकन सांगते. नोटिफिकेशन जास्त येतात, सेटिंगमध्ये जाऊन विषयवार कमी करा. पेटंटचा विभाग कोरडा पण अचूक, यंत्राला शोधक मानता येणार नाही हा ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२३ चा निकाल त्यांनी छान मांडलाय. कामगार विभाग पातळ, आठवड्याला एखादी बातमी. अक्षर मोठं करता येतं. सेव्ह केलेल्या बातम्या फोन बदलल्यावर गेल्या, माझ्या दोनशेच्या वर होत्या.

फुकटात हेच मिळेल का असं लोक विचारतात. मूळ निकाल मिळतील, नक्की. भारताच्या सुप्रीम कोर्टाचा ई-एससीआर हा ऑनलाईन निकालसंग्रह जानेवारी २०२३ पासून सगळ्यांना मोफत आहे, सुरू झालं तेव्हाच साधारण ३४,००० निकाल होते. स्ट्रासबर्गच्या न्यायालयाचा हुडॉक हा निकालसंग्रह, ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्हजची निकालांची साईट, सगळं खुलं. ब्रिटनचं सुप्रीम कोर्ट तर दोन-तीन पानांचं प्रेस निवेदनही देतं. पण कुठला निकाल शोधायचा हे माहीत असायला हवं, आणि ते सकाळी सकाळी ॲपच सांगतं. मी ॲपला पाटीसारखं वापरते, कुठे वळायचं ते कळतं, पुढे चालायचं आपणच. नवीन माणसानं घ्यायचं असेल तर आधी फुकट महिन्यात एकच करा, आपल्या कामाच्या विषयातले पाच निकाल मूळ वाचा आणि ॲपच्या बातमीत कोर्टाचं नाव, पीठात किती जण, अंतरिम की अंतिम, आणि नेमका आदेश काय, एवढं आहे का ते तपासा. माझ्या वहीत पाचातल्या तीनच्या आसपास बसतात.

पाचपैकी तीन स्टार देतेय. स्पर्धा कायदा आणि अमेरिकेच्या विभागाला एकटं मोजलं तर साडेचार.

सप्टेंबरमध्ये मी त्यांना लांब ईमेल लिहिली होती, मैत्रिणीची गोष्ट सांगून, की जुन्या बातमीच्या वर 'पुढे काय झालं' अशी पट्टी टाका आणि चॅटबॉटच्या बातमीत स्क्रीनशॉटचा मुद्दा घाला. चार दिवसांत उत्तर आलं, माणसानं लिहिलेलं. चॅटबॉटच्या बातमीची हेडलाईन बदलली, आता त्यात कॅनडा आणि न्यायाधिकरण हे दोन्ही शब्द आहेत, आणि स्क्रीनशॉटचं वाक्य सारांशात दुसऱ्या ओळीत आहे. गाड्यांच्या कर्जाच्या ऑक्टोबरच्या बातमीवर पट्टी आली. कुत्र्यांच्या ११ ऑगस्टच्या बातमीवर अजून नाही, काल परत लिहिलंय त्यांना.